ग्रहणातलं माप

येरवड्यात तांबोळीबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो कालपरवा राहायला आलेला समजावा. कमरजहां तांबोळी. महापालिकेच्या मराठी शाळेत उभी हयात काढली. ग्रहणाचा धडा आला की बाई वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, टेबलावर बॅटरी पेटवून ठेवायच्या, एका पोराच्या हातात चेंडू आणि दुसऱ्याच्या हातात लिंबू द्यायच्या. मग म्हणायच्या, बघा, एवढीच भानगड आहे, यात घाबरण्यासारखं काय ते मला कोणीतरी समजावून सांगा. कोणी सांगायचं नाही. बाईंना समजावून सांगायची छाती कोणाला होती?

आणि ह्याच बाई, दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण आहे म्हटल्यावर आदल्या संध्याकाळी घरातल्या सुऱ्या, कात्र्या, सुया गोळा करून कपाटावर ठेवत होत्या. खिडक्यांना जाड चादरी लावत होत्या. सून माहेनूर पलंगावर बसून हे बघत होती आणि तिला हसूही येत होतं, बरंही वाटत होतं. तिला सातवा लागला होता. आधीची दोन टिकली नव्हती. एक तिसऱ्यात गेलं, एक पाचव्यात, आणि पाचव्यातलं गेलं तेव्हा ही पोरगी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आता पुन्हा तसं झालं तर आपण उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चादरी लावा, सुया लपवा, काय हवं ते करा, तिची ना नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, बाकी बाहेर फिरलात तरी काही होत नाही. तिने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मीही शाळेत हेच शिकवलं, शिकवायला काय जातंय.

खरी तयारी मात्र शाइस्ताफुफीची. फुफी म्हणजे माहेनूरच्या नवऱ्याची, उजैरची, आत्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच म्हातारी झाली, आणि भाऊ गेल्यावरही भावजयीपाशीच राहिली. बाई इतकी उंच की माळ्यावरचा डबा काढायला तिला स्टूल लागायचं नाही. त्या संध्याकाळी तिने माहेनूरला भिंतीला पाठ लावून उभं केलं, रिळाचा पांढरा दोरा घेतला, डोक्यापासून टाचेपर्यंत मापला, आणि कात्री कपाटावर जायच्या आत तोडला. मग तो पलंगाच्या वरच्या खिळ्याला टांगला. ही त्यांच्या घरातली जुनी रीत. ग्रहणाला पोटुशी बाईकडून जे घ्यायचं असेल ते त्याने दोऱ्याकडून घ्यावं आणि बाईला सोडावं. ग्रहण सुटलं की दोरा नदीत सोडून द्यायचा.

"हा दोरा म्हणजे तूच," फुफी म्हणाली. "तो खोलीत, तोवर तू खोलीत. तो उंबऱ्याबाहेर गेला, म्हणजे तू गेलीस."

माहेनूरने मान डोलावली. फुफीने तिच्या गालावरून हात फिरवला, आज फार थकायला झालं म्हणाली आणि झोपायला गेली. पहाटेच्या नमाजाला ती उठलीच नाही. कमरजहां हलवायला गेल्या, तर अंग गार पडलेलं.

आता आली का पंचाईत! घरात मय्यत आणि आभाळात ग्रहण. उजैर हिंजवडीहून रात्रपाळी करून कंपनीच्या बसने आला, तो हे ऐकायलाच. दारातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला, कारण फुफीनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता. मग नात्यातल्या चार माणसांनी ठरवलं, दुपारच्या नमाजानंतर दफन करायचं. कब्रस्तानात कबर खणणारे अमीनभाई, त्यांचा निरोप आला की माप पाठवा. मयताच्या उंचीएवढा दोरा पाठवायचा, त्या मापाने ते कबर खणतात. कमरजहांनी रडत रडत नणंदेला मापलं. पण तोवर ग्रहण लागलं होतं आणि सून पोटुशी, मग दोरा तोडायचा कसा? ग्रहणात कापणं नाही, तोडणं नाही, गाठ मारणं नाही. त्यांनी मापाच्या जागी शाईची खूण केली, रीळ तसंच आतल्या खोलीत कफनाच्या कापडावर ठेवलं, आणि फुफीच्या उशाशी कुराण पढत बसल्या.

उजैर येऊन विचारायला लागला, माप कुठाय. पढताना मध्ये बोलायचं नाही, म्हणून त्यांनी नुसता आतल्या खोलीकडे हात केला. तो आत गेला. माहेनूर रडून रडून पलंगावर पडली होती, डोळा नुकता लागत होता. तिला पुसटसं दिसलं, नवरा पलंगाशी उभा आहे आणि भिंतीकडे हात नेतोय. तिला वाटलं, घड्याळ बघत असेल. फुफीने दोरा टांगला तेव्हा हा हिंजवडीत होता, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने बघितलं, अंगाएवढा दोरा नीट तोडून खिळ्याला टांगलेला आहे. रीळ त्याला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी तयार दोरा सोडून रीळ कोण नेतं? त्याने दोऱ्याची गुंडाळी खिशात घातली आणि बायकोची झोप मोडू नये म्हणून चवड्यांवर चालत बाहेर पडला.

बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला. कमरजहांनी कुराण मिटून ठेवलं, आतल्या खोलीत आल्या आणि फोन स्पीकरवर घेतला. उजैर म्हणत होता, अमीनभाई विचारतायत, फुफी एवढीच होती का? त्यांनी तिला कितीदा पाहिलंय, आणि ही कबर तर हातभर आखूड होतेय. कमरजहांनी विचारलं, कुठला दोरा नेलास. तो म्हणाला, खिळ्यावरचा. त्यांनी वर बघितलं. माहेनूर आधीपासूनच वर बघत होती. खिळा रिकामा होता.

 सासूबाई म्हणाल्या, असशील तसा तो दोरा घेऊन घरी ये. पलीकडे फोन अमीनभाईंनी घेतला. म्हातारा माणूस, बोलणं सौम्य.

"आणता येणार नाही, बाई. दोरा मी आत ठेवलाय. माझ्या बापाची रीत आहे, आत गेलेलं माप ज्याचं असेल त्याच्याच हातात परत द्यायचं. दुसऱ्याने नेलं तर जमीन वाट बघत राहते." मग त्यांनी विचारलं, "माप कोणाचं आहे?"

कमरजहांनी फोन बंद केला.

माहेनूरचा हात पोटावर होता. पोर रोज पहाटे लाथा मारून तिला उठवायचं. आज मारली नव्हती. रडारडीत तिच्या लक्षात आलं नव्हतं, ते आता आलं. आणखी एक गोष्ट होती. पाठीला गादी लागत नव्हती. गार, ओलसर काहीतरी लागत होतं, आणि खोलीत नुकत्या खणलेल्या मातीचा वास येत होता. तिने सासूला विचारलं, तुम्हाला येतोय का वास. त्यांना येत नव्हता.

ती उठून बसली आणि चपला शोधायला लागली. कमरजहां दारात आडव्या आल्या. त्यांचं म्हणणं, उजैर आणेल दोरा, त्या अमीनच्या रीतीला कोण विचारतंय; पण पोटुशीने ग्रहणात उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे नाही, आणि त्यातून कब्रस्तान, जिथे आपल्या घरातल्या बायका एरवीही जात नाहीत.

"अम्मी, ग्रहणात बाहेर काही होत नसेल, तर मी गेले काय आणि राहिले काय, सारखंच," माहेनूर म्हणाली. "आणि होत असेल, तर मी मघापासून बाहेरच आहे. तिथे कबरीत पडलेय. इथे पलंगावर तुम्ही कोणाला जपताय?"

 तांबोळीबाईंनी बुरखा चढवला. खालच्या मजल्यावरच्या गोदाबाई पहाटेच येऊन बसल्या होत्या. ग्रहणाची आणि मयताची आंघोळ एकदमच करीन म्हणाल्या होत्या. त्यांना फुफीपाशी बसवलं. गोदाबाईंनी सुनेच्या पोटाकडे बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, जाताय तर जा, पण वर बघू नका.

रस्ता नेहमीचाच, पण माणसं उचलून नेल्यासारखा रिकामा. दुकानांची शटर अर्धी खाली. वरच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, अहो, आत जा, आत जा, आणि खिडकी आपटून लावून घेतली. ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. रंगही नव्हता, भिंती, गाड्या, फलक, सगळं राखेत घोळवल्यासारखं. सावल्या मात्र इतक्या रेखीव की माहेनूरला स्वतःच्या सावलीत ओढणीचे दोरे सुटे सुटे दिसत होते. कुत्री भिंतीच्या कडेला अंग मुडपून बसली होती आणि एकही भुंकत नव्हतं. त्यांनी एका रिक्षाला हात केला. रिक्षावाला हिंदुराव, बाईंचाच विद्यार्थी. त्याने सुनेचं पोट बघितलं आणि म्हणाला, बाई, आत्ता नको, ग्रहण सुटू द्या, मग म्हणाल तिथे फुकट सोडतो. बाईंनी विचारलं, माझ्या वर्गात चेंडू तूच धरला होतास ना रे? तो मान खाली घालून म्हणाला, लिंबू. त्या पायीच निघाल्या.

पुढे वळणावर कडुलिंब आहे. झाडाखाली एरवी उन्हाचे कवडसे पडतात, गोल गोल. त्या सकाळी एकही गोल नव्हता. रस्ताभर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या, आणि वाऱ्याने पानं हलली की सगळ्या एकदम हलायच्या. माहेनूरने खाली बघितलं, तर तिच्या पोटावरही कोरी. तिने त्या ओढणीने झटकल्या. त्या जाईनात. पुन्हा झटकल्या, आणि तिला रडू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, घाबरू नको, पानांच्या फटीतून सूर्याची आकृती उमटते, सूर्य कोरीएवढा उरला की आकृतीही कोरीची, चौथीच्या पोरालाही कळतं.  त्यांनी आपला हात सुनेच्या पोटावर आडवा धरला आणि झाड संपेपर्यंत सगळ्या कोरी त्या हातावर घेतल्या.

कब्रस्तानात माणूस नव्हता. ग्रहणाची वेगळी नमाज असते, पुरुष मंडळी मशिदीत गेली होती. चिंचेखाली उजैर आणि अमीनभाई, दोघेच. उजैर धावत आला, वेड लागलंय का तुम्हाला म्हणाला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. माहेनूर सरळ कबरीच्या कडेशी गेली.

खाली मातीवर दोरा ताणून ठेवला होता, पांढरा, सरळ. त्याच्या दोन्ही अंगांना चिंचेच्या पानांतून पडलेल्या बारीक कोरी वळवळत होत्या. तिला भीती वाटायला हवी होती. भीती वाटली नाही, झोप आली. दोन बाळं गेली त्यानंतर कधी लागली नव्हती इतकी गाढ झोप. खाली आडवं व्हावं, जागा अगदी आपल्यापुरती आहे, डोकं कुठे, पाय कुठे, सगळं ठरलेलं आहे, आता कशाची काळजी करायला नको, असं तिला वाटलं आणि फार बरं वाटलं. मातीचा वासही आता आवडायला लागला होता. तिचा एक पाय कडेवरून पुढे गेला, तेव्हा सासूने तिचं मनगट इतक्या जोराने धरलं की बांगड्या फुटून हाताला लागल्या. कमरजहांनी तिला ओढत नेऊन शेजारच्या बुटक्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढे उभ्या राहिल्या, तिला कबर दिसू नये म्हणून.

अमीनभाईंनी कुदळ बाजूला ठेवली. त्यांनी एकदा सासूकडे बघितलं, एकदा सुनेकडे. प्रकाश आणखी उतरला होता. कावळे चिंचेवर येऊन बसले होते आणि गप्प होते.

"माप कोणाचं, ते सांगावं लागेल," ते म्हणाले. "ज्याचं आहे त्याने सांगावं. दोरा त्याच्या हातात, आणि ही कबर त्याच्या नावावर."

माहेनूरने तोंड उघडलं. झोपेतल्या माणसाचा असतो तसा आवाज तिच्या घशात गोळा झाला होता, आणि आपण आता आपलं नाव सांगणार हे तिला कळत होतं, थांबवता येत नव्हतं.

"माझं," कमरजहां म्हणाल्या.

उजैर काही बोलायला गेला. त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, मध्ये बोलू नकोस, आणि तो खरंच गप्प झाला. अमीनभाईंनी मापाची काठी उचलली. दोरा आला की आधी ते त्या मापाने काठी तोडून घेत आणि काठीने कबर आखत. ती काठी त्यांनी कमरजहांच्या शेजारी उभी धरली. बाई ताठ उभ्या राहिल्या, हनुवटी वर, नजर समोर. काठीचं टोक आणि डोक्याचं टोक, बरोबर एका रेषेत आलं.

माहेनूर ओट्यावर बसली होती, म्हणून तिची नजर खाली होती. बुरख्याच्या काठाखाली तिला सासूचे पाय दिसत होते. टाचा चपलांतून सुटून वर उचललेल्या होत्या, चांगल्या चार बोटं. भेगाळलेल्या, म्हाताऱ्या टाचा. पोटऱ्या थरथरत होत्या, पण टाचा खाली येत नव्हत्या. ती किंचाळणार होती. तिच्याने ओठही हलवला गेला नाही. आपल्या पोराचा जीव त्या टाचांवर उभा आहे हे तिला समजलं, आणि आपण गप्प बसतोय, मुद्दाम गप्प बसतोय, हेही समजलं. त्या वेळची शरम तिला पुढे कधी कोणाला सांगता आली नाही.

अमीनभाईंनी काठीच्या टोकाकडे बघितलं. मग ते वाकले आणि जमिनीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"बाई, मी बघितलंय," ते हळूच म्हणाले. "जमीनही बघतेय."

"बघू दे," कमरजहां म्हणाल्या. "माप माझं आहे. जमिनीसमोर सांगते."

म्हाताऱ्याने मान हलवली. काठी खाली ठेवून तो कबरीत उतरला, दोरा उचलला, वर आला आणि तो दोन्ही हातांनी कमरजहांच्या हातात दिला, माणसाच्या हातात त्याची वस्तू देतात तसा. मग म्हणाला, शाइस्ताबींसाठी शेजारी दुसरी खणायला घेतो, दुपारपर्यंत होईल. हिच्यावर फळ्या टाकून ठेवतो, ही दुसऱ्या कोणाला देत नाही. उजैरने विचारलं, कधीपर्यंत? अमीनभाईंनी कुदळ घेतली आणि कामाला लागले.

त्याच वेळी पोराने लाथ मारली. एक नाही, लागोपाठ, रागावल्यासारख्या. माहेनूर ओट्यावर दोन्ही हातांनी पोट धरून मोठ्याने रडायला लागली. ते रडणं चांगलं आहे हे उजैरला कळायला वेळ लागला. उन्हात हळूहळू रंग येत होता. चिंचेखालच्या कोरी फुगत होत्या, आणि मशिदीतून माणसं बाहेर पडल्याचा आवाज यायला लागला होता.

परतताना रस्ता भरत चालला होता. कुठे शटर वर जात होती, कुठे बायका दारात पाणी ओतत होत्या. हिंदुराव रिक्षा घेऊन वाटेत थांबला होता. त्याच्याकडे न बघता बाई पुढे गेल्या. माहेनूर म्हणाली, अम्मी, पूल जवळ आहे, ग्रहण सुटलं की दोरा नदीत सोडून देऊ. त्या म्हणाल्या, तुझा असता तर सोडला असता. आणि तो घडी करून त्यांनी बटव्यात ठेवला.

चाळीच्या जिन्यापाशी आल्यावर माहेनूरला राहवलं नाही. तिने त्यांचा हात धरला. तो हात ओल्या मातीसारखा गार होता.

"अम्मी, तुम्ही माझ्यापेक्षा चार बोटं बुटक्या आहात. ते माप तुमचं नाही. कधीच नव्हतं."

"मेल्यावर माणूस लांबतं," कमरजहां म्हणाल्या. "चल वर. फुफीला आंघोळ घालायची आहे."